पट चुकला: कच खाल्ली की यिप्स?

गोल्फमधला अडीच फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये लोटायचा हलका फटका. टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही वाटावं, हा तर आपणही घालू. खेळाडू वाकतो, मारतो आणि चेंडू होलची कड चाटून बाहेर येतो. एक जण म्हणतो, ‘कच खाल्ली.’ दुसरा म्हणतो, ‘यिप्स झालेत याला.’ दोघंही माना डोलावतात. पण ते दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात: कच खाणं म्हणजे दडपणाखाली खेळ ढासळणं, यिप्स म्हणजे एकाच हालचालीत हात अडणं.

हा फरक पाहायला एर्नी एल्स या गोल्फपटूइतकं चांगलं उदाहरण नाही. पहिली गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली, दुसरी त्याच्यावरच बेतली.

२०१२ ची ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, रॉयल लिदमचं मैदान. ॲडम स्कॉट शेवटच्या फेरीत अठरापैकी चार होल उरले असताना चार फटक्यांनी पुढे होता. त्या चारही होलवर त्याने बोगी केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त घेतला. एल्सने शेवटच्या होलवर बर्डी (एक फटका कमी) घातली होती. एका फटक्याने स्पर्धा त्याची झाली. स्कॉटच्या चुका सुट्या सुट्या करून पाहा. सोळाव्या होलवर तीन पट लागले. सतराव्यावर ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे, मारलेला चेंडू डावीकडच्या दाट गवतात गेला. अठराव्यावर टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला थेट बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. दर वेळी क्लब (मारायची काठी) वेगळा, चूकही वेगळी. कच खाण्याची खूण मला इथे दिसते: बिघाड एका फटक्यापुरता राहत नाही, सगळ्या खेळात झिरपतो.

असं का होतं? रॉय बाऊमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं. दडपण आलं की माणूस स्वतःच्याच हालचालींवर पहारा ठेवू लागतो, आणि एरवी आपोआप होणारं काम अडखळतं. कुणी टक लावून पाहत असताना आपलीच सही जपून काढायला जा. दुसऱ्याने केल्यासारखी दिसते. गोल्फमध्ये या पहाऱ्याला वेळही भरपूर मिळतो. चेंडू जागचा हलत नाही, समोरून कुणी अंगावर येत नाही, आणि एका फटक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालताना डोक्यात हिशेब सुरूच.

म्हणूनच कच खाण्याच्या गोष्टीत बोट ठेवता येईल असं एक वळण बहुधा सापडतं. १९९६ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला. नवव्या होलवर त्याचा चेंडू ग्रीनच्या पुढच्या भागावर पडला आणि उतारावरून मागे घरंगळत खाली आला. तिथे बोगी, दहाव्यावर बोगी, अकराव्यावर बोगी, बाराव्यावर चेंडू पाण्यात. त्या दिवशी नॉर्मनचे ७८ फटके झाले, निक फाल्डोचे ६७. फाल्डो पाच फटक्यांनी जिंकला.

वळण उलटंही लागतं. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथने शेवटच्या नऊ होलच्या तोंडाशी असलेली पाच फटक्यांची आघाडी गमावली. बाराव्या होलवर दोनदा पाण्यात मारून त्याने सात फटके घेतले. पुढच्याच वर्षी बर्कडेलच्या ओपनमध्ये तेराव्या होलवर त्याचा चेंडू इतका उजवीकडे भरकटला की नियमाप्रमाणे चेंडू खाली टाकून पुढे खेळायला त्याला सरावाच्या मैदानावर जावं लागलं. त्या गोंधळात वीसेक मिनिटं गेली. बोगी झाली, आघाडीही गेली. पण पुढच्या चार होलवर बर्डी, ईगल (दोन फटके कमी), बर्डी, बर्डी. त्या लांबलेल्या खोळंब्यानेच त्याला सावरलं असावं, असा माझा तर्क आहे.

(जाँ व्हान द व्हेल्द याला मात्र मी या यादीत बसवत नाही. १९९९ साली कार्नूस्टीला शेवटच्या होलवर सहा फटके घेतले तरी ओपन त्याची होती. त्याने सात घेतले. निर्णय चुकले, चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे आला. पण प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची जादा लढत, गाठण्यासाठी लागणारा अखेरचा पट त्याने घातला. अवसान गळालेल्या माणसाला हे जमत नाही.)

आता यिप्स. पुन्हा एल्स, पण २०१६ च्या मास्टर्समधला. पहिलाच दिवस, पहिलाच होल. राखायला आघाडी नाही, गमवायला चषक नाही. तीनेक फुटांवरून त्याला सहा पट लागले आणि त्या होलवर नऊ फटके झाले. पटर, म्हणजे पट मारायचा क्लब, मागे नेताच येत नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. बाकीचे क्लब चालत होते, अडत होता तो मनगटांचा एक छोटासा झटका. यिप्स असे एकाच हालचालीला चिकटून बसतात. महिनोन्‌महिने राहतात, जातात, परततात. वळण शोधायला गेलात तर सापडत नाही.

लिहिताना काहींचा हात आखडतो, काही वादकांची बोटं ठरावीक सुरावरच वळतात. त्याला डॉक्टर फोकल डिस्टोनिया म्हणतात. काही गोल्फपटूंचे यिप्स त्याच जातीचे असतात. पण सगळ्यांचे नाहीत. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यिप्सकडे एका पट्ट्यासारखं पाहिलं: एका टोकाला डिस्टोनिया, दुसऱ्या टोकाला कच खाणं, आणि बरेच खेळाडू मधे कुठेतरी. एल्सचंच बघा. सरावाच्या ग्रीनवर असे वीस पट ओळीने घालू शकतो, असंही तो त्याच दिवशी म्हणाला होता. म्हणजे दडपणाचा वाटा नव्हता असं म्हणायची सोय नाही.

तरीही फरक कामाचा आहे, कारण उपाय वेगळे पडतात. कच खाणारा पुन्हा तोच स्विंग घेऊन उभा राहतो. रोरी मॅकिलरॉयने २०११ च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी असताना अखेरच्या दिवशी ८० फटके घेतले, आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. यिप्सवाल्याला मात्र हाताला चकवावं लागतं. सॅम स्नीड दोन पायांच्या मधून, क्रोकेसारखा पट मारू लागला. नियमाने ते बंद केल्यावर बाजूला उभं राहून. बर्नहार्ड लँगरला तर यिप्सने अनेकदा गाठलं. १९८५ आणि १९९३ च्या मास्टर्स विजयांमध्ये त्याची पकड वेगवेगळी होती. दुसऱ्या वेळी उजव्या हाताने पटरचा दांडा डाव्या बाहूलाच दाबून धरलेला. पुढे तो लांब पटरकडे वळला. २०१६ पासून पटर अंगाला टेकवायला बंदी आली, तेव्हा त्याने तोच लांब पटर छातीपासून सुटा धरला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ज्येष्ठांच्या दौऱ्यातली मोसमाची शेवटची स्पर्धा त्याने जिंकली. अखेरच्या ग्रीनवर साधारण ३० फुटांचा पट घालून, त्याच लांब पटरने.