शिंगटी लंडनला कशी पोचली

रविवारी नाशिकच्या मासळी बाजारातून शिंगटी आणली, साफ करताना काटा बोटात घुसला (पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, तिन्ही कडक), मग ठणकणारं बोट धरून बसल्या बसल्या तिचं शास्त्रीय नाव शोधलं तर ते निघालं मिस्टस सीन्गटी. म्हणजे आपलंच की!

हे नाव ठेवलं कर्नल विल्यम हेन्री साइक्सने. जन्म १७९०, पोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात भरती. १८२४ ला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सगळी माहिती गोळा करायला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं, म्हणजे जमीन, पिकं, माणसं, हवामान सगळं मोजायचं, आणि ते करता करता हा गडी पक्षी आणि मासेही नोंदवत सुटला. नाशिक तेव्हा वेगळा जिल्हा पण नव्हता, तो झाला १८६९ ला. मासे त्याने जास्त करून भीमा, मुळा-मुठेकडचे बघितले.

१८३१ ला तो मायदेशी गेला. माशांची वर्णनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत आधी थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसकट छापून आली.

आता गंमत बघा. बऱ्याच माशांना त्याने साहेबांची नावं न देता इथलीच ठेवली, घोगराचं गोग्रा, मळ्याचं मुल्ल्या, महसीरमधला तो खुद्री. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण पुढच्या अभ्यासकाला नदीवर जाऊन नुसतं नाव विचारलं तरी मासा हातात मिळणार. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द, म्हणजे माशाची प्रजाती (जीनस), मात्र पार चुकली. खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून बसणारा आपला मळ्या त्याने युरोपातल्या माशांच्या प्रजातीत टाकला आणि घोगरा थेट दक्षिण अमेरिकेतल्या! नंतरच्या लोकांनी तो पहिला शब्द बदलला, नावाचा दुसरा, मराठी भाग तसाच राहिला. ज्या भोई-कोळ्यांच्या तोंडची ही नावं, त्यांचं नाव मात्र मला कुठल्याच माशाला दिसलं नाही.

त्याच बाजारात शेजारच्या टबात रोहू-कटला होते. ते मूळचे उत्तरेकडचे, हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या माशांत वर्णन केलेले, आपल्याकडे धरणांत बीज सोडून आले. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण हे खऱ्या गंगेचे. मावशींना मळ्या आहे का विचारलं तर म्हणाल्या, तो कोण घेतंय आता, कटला ने की.