मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात?

हाताला मुंग्या येतात असं कुणी सांगायचा अवकाश, समोरचा निदान करून मोकळा होतो: "मानेचं असणार. नस दबली असेल." मग कुणी हाडवैद्याचा पत्ता देतं, कुणी कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे मणके हाताने दाबून, झटका देऊन उपचार करणाऱ्याचा. मान एका झटक्यात फिरवली, कडकन आवाज झाला आणि पेशंट हसत उठला, अशी रील्स तर आता रोजच समोर येतात. पण या सगळ्यात एक साधा प्रश्न विचारायचाच राहून जातो. कोणत्या बोटाला?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची तळहाताकडची संवेदना मीडियन नावाची नस वाहून नेते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेकडे असते. पंजाच्या पाठीवरचा अंगठ्याकडचा भाग रेडियल नसेचा. ही वाटणी बहुतेकांच्या हातात सारखीच असते. म्हणून अनामिका फार कामाची. "हे बोट अर्धंच बधिर आहे, मधोमध रेघ मारल्यासारखं," असं पेशंट म्हणाला की मेंदूविकारतज्ज्ञ मान सोडून मनगट आणि कोपर तपासायला घेतात. मानेतून निघणारी नसांची मुळं अनामिकेचे असे दोन भाग सहसा करत नाहीत. ते पुढे हातातल्या नसांचं काम.

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला छोट्या हाडांची खोबण असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. हाच कार्पल टनेल. बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस एवढं सगळं त्या बोगद्यातून जातं. जागा मुळातच जेमतेम. गरोदरपणात, थायरॉईड कमी पडल्यावर, मधुमेहात किंवा हाताच्या सततच्या कामाने आत थोडी सूज आली की नस चेपली जाते. असा माणूस मध्यरात्री हात बधिर झाल्याने जागा होतो आणि हात झटकतो. झटकल्यावर बरं वाटतं. गंमत म्हणजे तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याची संवेदना मात्र शाबूत राहते, कारण तिथली छोटी फांदी बोगद्याच्या आधीच वेगळी होते आणि पट्ट्याच्या वरून जाते. आपल्याला वाटतं 'अख्खा हात'. नीट टोचून पाहिलं की नकाशा निघतो.

अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूला जवळजवळ कातडीखालीच असते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जो झटका जातो, तो तिचाच. तासन्‌तास फोन कानाला लावून बोलणारे आणि टेबलावर कोपर टेकून बसणारे तिला छळत असतात.

मानेतली नस खरोखर दबली असेल तर चित्र निराळं दिसतं. दुखणं मानेत किंवा पाठीच्या फऱ्याजवळ सुरू होऊन हातात उतरतं. मान मागे आणि त्याच बाजूला कलवली की कळ वाढते. दुखरा हात डोक्यावर ठेवला की अनेकांना आराम पडतो, आणि हा उपाय कुणी न शिकवता त्यांना सापडलेला असतो. सहावं मूळ अंगठ्याकडे जातं, सातवं मधल्या बोटाकडे, आठवं करंगळीकडे.

पायांचं थोडक्यात सांगतो. कमरेतलं पाचवं मूळ दबलं तर पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याला, त्याखालचं दबलं तर पावलाच्या बाहेरच्या कडेला मुंग्या येतात. मांडीचा फक्त बाहेरचा भाग बधिर झाला असेल, तर पाठीचा एक्स-रे काढण्याआधी कमरेचा पट्टा सैल करून पाहावा.

मुळात मुंग्या येतात कशा? शौचाला किंवा भाजी निवडायला उकिडवं बसलं की गुडघ्याजवळची नस दाबली जाते आणि तिचा रक्तपुरवठा घटतो. नसेतल्या तंतूंना विद्युतभार राखायला सतत ऊर्जा लागते. ती तुटली की संदेश थांबतात. स्पर्शाचे जाड तंतू आधी गप्प होतात, वेदनेचे बारीक तंतू नंतर. म्हणून फरशी जाणवत नाही, पण चिमटा लागतो. उठल्यावर रक्त परत येतं, तंतूंचं संतुलन अजून बिघडलेलंच असतं आणि ते कशाचाही स्पर्श झालेला नसताना आपणहून संदेश सोडायला लागतात. मेंदूला वाटतं, काहीतरी चावतंय.

आता समजा, मुंग्या दोन्ही तळव्यांत आहेत, बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशा हळूहळू वर सरकताहेत. असं दोन्ही पायांत एकसारखं पसरणारं बधिरपण एखादी नस दबल्याने येत नाही. त्याचं कारण सहसा रक्तात सापडतं. कमरेपासून पावलांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यांत लांब, जवळपास एक मीटर. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की तेच आधी खराब होतात. दुसरा संशयित म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत, त्यातही दूध बेताचं घेणाऱ्यांत, त्याची कमतरता दिसते. मधुमेहासाठी घेतली जाणारी मेटफॉर्मिन गोळी त्याचं शोषण आणखी कमी करते. म्हणजे गोळी घेणाऱ्या शाकाहारी आजोबांच्या पायांच्या मुंग्या साखरेमुळे आहेत की बी-१२मुळे, हे रक्त तपासल्याशिवाय सांगताच येत नाही. पाठ दाबून तर नाहीच.

तिसरा संशयित आपण विसरूनच गेलो आहोत: कुष्ठरोग. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. त्याच्या जंतूला शरीराचा थोडा गार भाग मानवतो, म्हणून तो कातडीजवळच्या नसा धरतो. कोपरामागची तीच अल्नर नस जाड होते आणि बोटांनी चाचपता येते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श न कळणं, ही खूण. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग बरा होतो. गेलेली संवेदना मात्र उशीर झाल्यास परत येईलच असं नाही.

मग कायरोप्रॅक्टिक या सगळ्यात कुठे बसतं? त्याची सुरुवात १८९५ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी झाली. डॅनियल डेव्हिड पामर हा चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना ऐकू येत नसे. पामरने त्यांच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर' बसवला आणि त्यांना ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा. अडचण एवढीच की ऐकण्याची नस कानातून कवटीच्या आतच थेट मेंदूत जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंधच येत नाही. पण पामर थांबला नाही. शंभरातले ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं त्याने १९१० साली लिहून ठेवलं. पुढे १०० वर्षांनी, २०१० साली, ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच जाहीर केलं की या 'सरकण्या'मुळे आजार होतात, असा दावा करण्याजोगा पुरावा नाही.

आता दुसरी बाजू. आजचे पुष्कळ कायरोप्रॅक्टर पामरची पोथी बाजूला ठेवून पाठदुखीवरच काम करतात, आणि तिथे त्यांना थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली साध्या कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत मणक्यांच्या हस्तोपचाराचा समावेश केला. पुरावा कमी दर्जाचा आहे, असंही सोबत नमूद केलं. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं तो व्यायामाच्या जोडीनेच करा म्हणतात. माझं मत विचाराल तर नुसत्या कंबरदुखीला हे करून पाहायला हरकत नाही, व्यायाम मात्र चुकवू नये. बधिरपणासाठी असा पुरावा फारच तोकडा आहे. साखरेने किंवा बी-१२च्या अभावाने खराब झालेली नस मणका हलवून सुधारण्याचा काही मार्गच नाही.

"पण एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली ना?" दिसणारच. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी आढळते. फोटोतली गादी आणि बोटातल्या मुंग्या यांचा नकाशा जुळायला हवा. आणि खरंच सरकलेली गादी नस दाबत असली, तरी बहुतेकांना काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप उतार पडतो. त्या काळात जो कुणी उपचार करत असेल, त्याला श्रेय मिळतं.

मान फिरवताना होणारा तो कडकन आवाजही हाड बसल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग ओढून दूर केले की आतल्या द्रवावरचा दाब एकदम घटतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा विरघळलेला वायू सुटून पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटं मोडताना एमआरआयवर ही पोकळी पाहिली.

मानेच्या झटक्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यांत वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान सर्वांत जास्त फिरते तीही तिथेच. क्वचित धमनीचा आतला पदर फाटतो, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटलं की हस्तोपचार आणि हे फाटणं यांचा संबंध दिसतो, कारण तोच आहे हे सिद्ध नाही, आणि घटना विरळ आहेत. धमनी आधीच फाटायला लागल्याने मान दुखते आणि म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो, हीही शक्यता आहे. दोन्ही परिस्थितींत झटका नकोच. हे सलूनमध्ये मालिशनंतर फुकटात मोडल्या जाणाऱ्या मानेलाही लागू. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. आपल्याकडे डॉक्टरांसारखी त्यांची वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो.

काही वेळा तर ताबडतोब इस्पितळच गाठावं. शरीराची एक बाजू अचानक बधिर झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साडेचार तासांचीच मुदत असते. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर कमरेतला नसांचा जुडगाच दबलेला असतो आणि शस्त्रक्रिया घाईने करावी लागते. पायांतून सुरू झालेल्या मुंग्या आणि अशक्तपणा काही दिवसांत वर चढू लागला तर गियाँ-बारे सिंड्रोम असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात याचेच रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यात श्वासाचे स्नायूही सापडू शकतात.

एरवी एवढी घाई नसते, पण उशिराची काहीच किंमत मोजावी लागत नाही असंही नाही. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजापर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास धरलं तर नुसतं तिथवर पोहोचायलाच दहा महिने लागतात, आणि तोवर पंजातले छोटे स्नायू वाळत राहतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग खोलगट दिसायला लागला असेल, तर मान मोडून घेण्याचे दिवस संपले. नसांची विद्युत तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.