फ्रान्समधल्या भिंतींवरील राजकीय घोषणा कायदेशीर आहेत का?

‘फ्रान्समध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य असल्यामुळे भिंतीवर राजकीय घोषणा लिहिणे कायदेशीर आहे,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. पॅरिसमधल्या मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनात भिंतींवर लिहिलेल्या घोषणांची छायाचित्रे पाहिली की तसे वाटणे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात तिथे मजकुराचे स्वातंत्र्य आणि भिंतीवरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. फ्रेंच दंडसंहितेच्या ३२२-१ या कलमानुसार, दर्शनी भिंत, वाहन किंवा रस्त्यावर परवानगीशिवाय काही लिहिले किंवा रेखाटले आणि त्यातून किरकोळच नुकसान झाले, तरी ३,७५० युरोपर्यंत दंड आणि समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. घोषणा राजकीय आहे म्हणून या कलमात सूट दिलेली नाही. जुन्या भिंतींवर आढळणाऱ्या ‘पत्रके चिकटवण्यास मनाई, २९ जुलै १८८१ चा कायदा’ या ओळीमुळे गोंधळ आणखी वाढतो, कारण तो कायदा मुळात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आहे.

मात्र मत मांडायला जागाच नाही, असेही नाही, आणि मला हीच बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मतप्रदर्शनाच्या पत्रकांसाठी प्रत्येक गावाने विनामूल्य जागा राखणे पर्यावरणसंहितेनुसार बंधनकारक आहे. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावातही ती किमान ४ चौरस मीटर असावी लागते.

पडताळणीसाठी फ्रेंच सरकारच्या कायदेविषयक अधिकृत संकेतस्थळावर ३२२-१ हा कलम क्रमांक शोधावा. मूळ मजकूर तिथे कोणालाही विनामूल्य वाचता येतो.