आगसूचक यंत्रणा : तपासणी व देखभाल (पुणे)

इमारतीतील डिटेक्टर (धूर किंवा उष्णता ओळखणारे), कॉल पॉइंट (आग दिसल्यावर हाताने दाबायचे बटण), हूटर (भोंगा) आणि या सगळ्यांना जोडणारे पॅनेल यांची ठरावीक काळाने होणारी चाचणी, सफाई व दुरुस्ती. बोलताना या सगळ्याला नुसते ‘फायर अलार्म’ म्हणतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. सोसायटीत हे काम कार्यकारिणीकडे येते. परवानाधारक एजन्सीने तपासणी करून दिलेला ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, दर जानेवारीत व जुलैत अग्निशमन विभागाकडे द्यावा लागतो. पुणे महापालिकेच्या दलाचे मुख्यालय भवानी पेठेत आहे. पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) व एमआयडीसी यांची दले वेगळी. उभारणी व देखभालीसाठी आयएस 2189 हे भारतीय मानक आहे.

फॉर्म वेळेवर गेला म्हणजे यंत्रणा चालते असे नाही. पॅनेलवरचा हिरवा दिवा फक्त वीज आल्याचे सांगतो. धुराचा डिटेक्टर खरोखर जागा आहे का, हे त्याच्या जाळीत चाचणीचा धूर सोडल्यावरच कळते; उष्णतेच्या डिटेक्टरला गरम हवा द्यावी लागते. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेली प्लॅस्टिकची टोपी नंतर तशीच राहून जाते. असा डिटेक्टर पॅनेलवर अगदी निरोगी दिसतो, पण धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तपासनीसाने शिडीवर चढलेच पाहिजे. मुख्य वीज बंद करून बॅटरीवर हूटर वाजवून पाहणेही तितकेच आवश्यक, कारण आगीत वीज बहुधा आधी जाते. हूटर वाजताच लिफ्ट तळमजल्यावर येते का, कार्डाने उघडणारी दारे मोकळी होतात का, हेही त्याच वेळी पाहावे. खराडी, हिंजवडीच्या कार्यालयांत अशा दारांमागे शेकडो माणसे बसलेली असतात.

पुण्यात खोट्या इशाऱ्यांची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात पार्किंगमधल्या वायरींच्या जोडपेट्यांत ओल शिरते आणि पॅनेलवर ‘अर्थ फॉल्ट’ (वायरीतून वीज जमिनीकडे गळत असल्याची सूचना) येतो; डासांसाठी केलेल्या फवारणीच्या धुरानेही हूटर वाजतो. उन्हाळ्यात शेजारच्या बांधकामाची धूळ डिटेक्टरमध्ये साचते. स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर बसवला असेल, तर फोडणीचा धूरही पुरतो; तिथे उष्णतेचाच हवा.

दोन-तीन खोट्या इशाऱ्यांनंतर वैतागलेले रहिवासी सुरक्षारक्षकाला हूटर बंद ठेवायला सांगतात. सर्वांत घातक चूक हीच, आणि तिचा दोष रात्रपाळीच्या रक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याला पॅनेल वाचायला कोणी शिकवलेले नसते. कोणता झोन म्हणजे कोणता मजला याचा मराठी-हिंदी तक्ता पॅनेलशेजारी लावला, तर तो आधी त्या जागी धावतो, आणि आग दिसताच 101 फिरवतो.

प्रत्येक इशाऱ्याची तारीख, डिटेक्टरचा क्रमांक व कारण नोंदवहीत लिहावे. एकच क्रमांक वारंवार दिसू लागला, तर तो डिटेक्टर साफ करावा, बदलावा किंवा त्याची जागा हलवावी.