साक्षांकन नमुन्यात जुनी केस लिहायची की नाही?

लेखी झाली, मैदानी झाली, मेडिकल झालं आणि चारित्र्य पडताळणीत नेमणूक अडकली, अशी मुलं ऐरोलीच्या आमच्या अभ्यासिकेत दर भरतीनंतर येतात. बहुतेकांची केस किरकोळ असते. त्यांना नडतं ते साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्मात, लिहिलेलं 'नाही'.

फोटो, ओळखपत्रं, गेल्या पाच वर्षांत वर्षाहून जास्त जिथे राहिलात ते पत्ते, एवढं सगळे नीट भरतात. घोडं अडतं ते पुढच्या प्रश्नांवर: कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का?

'कधी' म्हणजे कधीही. निर्दोष सुटलात, तडजोड झाली, सरकारने खटला मागे घेतला, तरी अटक आणि खटल्यापुढे 'होय'च लिहायचं. कळव्याचा एक मुलगा दहीहंडीच्या राड्यात सापडला होता. वकील म्हणाला, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. त्याने पाचशे रुपये भरले, पावतीही ठेवली नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषी ठरलो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नमुन्यात त्याने 'नाही' लिहिलं आणि पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवर केस निघाली.

अशी माहिती लपवली किंवा खरी सांगितली तर काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक गोष्ट लपवली गेली असेल, तर अधिकारी ती नजरेआड करू शकतात. उलट खरं सांगूनही पूर्वेतिहास पाहून नेमणूक नाकारण्याचा अधिकार त्यांना राहतो. म्हणजे खरं लिहून नोकरी पक्की होत नाही, पण निदान लपवल्याचा ठपका बसत नाही. नमुन्यात विचारलंच नसेल, तर ते लपवलं असं मात्र धरता येत नाही. म्हणून प्रश्न शब्दन् शब्द वाचा. अठरा वर्षांच्या आतल्या प्रकरणाने बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तर तो अपवाद.

खरी रखडपट्टी 'होय'सोबत जोडायच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीची. पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआर नंबर, घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात गेलात, तर परत पाठवतात. तिथे खटल्याचा नंबर लागतो आणि तो वेगळा असतो. एवढी साधी गोष्ट खिडकीवर कुणी सांगत नाही, पोरं बेलापूरला हेलपाटे घालत राहतात. घरूनच ई-कोर्ट्सच्या साइटवर पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाका, खटल्याचा नंबर बहुधा मिळतो. नमुना हातात पडायची वाट बघू नका, लेखीचा निकाल लागला की नकलेचा अर्ज टाका.

नमुना दिल्यावर काही घडलं, तर विषय संपला असं समजू नका. नवी अटक किंवा खटला लगेच लेखी कळवायचा असतो, ही सूचना नमुन्यावरच छापलेली असते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.