कुणीच न ऐकलेलं गाणं तुमच्यापर्यंत कसं पोचणार?

“दुपारी मित्राशी एका बँडबद्दल बोललो आणि संध्याकाळी ॲपने त्याच बँडचं गाणं समोर ठेवलं. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो!” हा दावा आता इतक्या ठामपणे केला जातो की त्याचा समाचार घ्यायलाच हवा. गाणं सुचवायला मायक्रोफोन लागतच नाही. त्यामागचं गणित चोरून ऐकण्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. आणि मोठ्या लेबलच्या आधाराशिवाय घरातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्या इंडी कलाकारांचं बरंचसं भवितव्य याच गणितावर अवलंबून आहे.

एक अवाढव्य तक्ता डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ओळ म्हणजे एक श्रोता, प्रत्येक रकाना म्हणजे एक गाणं आणि चौकटीत त्या श्रोत्याने ते गाणं किती वेळा ऐकलं तो आकडा. एक लाख श्रोते आणि एक लाख गाणी धरली तरी चौकटी होतात १,००० कोटी. त्यातल्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या, कारण माणूस ऐकून ऐकून ऐकणार किती! या रिकाम्या चौकटींत काय आलं असतं, याचा अंदाज बांधायचा आहे.

त्यासाठीच्या युक्तीचं नाव मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन. प्रत्येक श्रोत्याला समजा ४० आकडे द्यायचे आणि प्रत्येक गाण्यालाही ४०. दोघांचे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज केली की त्या श्रोत्याला ते गाणं कितपत आवडेल, हे कळलं पाहिजे. सोयीसाठी दोनच आकडे घेऊ. श्रोता (०.९, ०.२). पहिलं गाणं (०.८, ०.१), म्हणजे ०.७२ अधिक ०.०२, एकूण ०.७४. दुसरं गाणं (०.१, ०.९), म्हणजे ०.०९ अधिक ०.१८, एकूण ०.२७. अर्थात पहिलं सुचवायचं. १,००० कोटी चौकटींचं काम ८० लाख आकड्यांत भागलं.

पण हे आकडे आणायचे कुठून? सुरुवातीला चक्क वाटेल ते भरायचे. मग गाण्यांचे आकडे तसेच ठेवून श्रोत्यांचे आकडे असे बदलायचे, की तक्त्याशी जास्तीत जास्त मेळ बसेल. मग श्रोत्यांचे तसेच ठेवून गाण्यांचे बदलायचे. प्रत्येक फेरीतलं गणित प्रयोगवहीतल्या बिंदूंमधून सर्वांत जवळची रेषा काढण्याच्याच जातीचं, म्हणजे लघुतम वर्गांचं. अशा काही फेऱ्या झाल्या की आकडे स्थिरावतात. ‘हा आकडा गिटारचा, हा उदासपणाचा’ असं कुणीही ठरवून दिलेलं नसतं. तरीही एकाच प्रकारच्या श्रोत्यांनी ऐकलेली गाणी आपोआप एकमेकांजवळ येतात: गझला एकीकडे, मेटल दुसरीकडे. संगीतातलं अक्षरही न शिकवता हे घडतं, आणि मला यातलं नवल अजून ओसरलेलं नाही.

ही पद्धत गाजली ती चित्रपटांच्या शिफारशी सुधारण्यासाठी नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलेल्या १० लाख डॉलरच्या स्पर्धेमुळे. पण तिथे प्रेक्षक चित्रपटांना गुण देत होते. गाण्यांना असे गुण कुणी देत नाही. मग रिकामी चौकट म्हणजे ‘आवडलं नाही’, की ‘कधी कानावर पडलंच नाही’? हू, कोरेन आणि व्होलिन्स्की या संशोधकांनी २००८ मध्ये सुचवलं, की रिकाम्या चौकटीत शून्य धरा, पण त्या शून्यावर विश्वास अगदी कमी ठेवा. गाणं जितक्या जास्त वेळा ऐकलं गेलं, तितका त्याच्या चौकटीवरचा विश्वास वाढवा. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक त्यांनी थेट समीकरणात आणला.

आता काल रात्री अपलोड झालेलं गाणं घ्या. त्याचा अख्खा रकाना रिकामा. श्रोते नाहीत म्हणून आकडे नाहीत, आकडे नाहीत म्हणून ते कुणाला सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून श्रोते नाहीत. अभ्यासक याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात.

यातून वाट निघते ती प्रत्यक्ष ध्वनीतून. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी गाण्याच्या छोट्या तुकड्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंप्रता (दर सेकंदाची कंपनं) किती जोरात आहे त्याचं चित्र, न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला) दिलं आणि त्यावरून गाण्याचे ते आकडे ओळखायला शिकवलं. चित्राची उभी पट्टी कानाच्या सवयीप्रमाणे आखलेली असते. १०० ते २०० हर्ट्झ हे अंतर पूर्ण सप्तकाचं. १,००० ते १,१०० मध्येही फरक १०० हर्ट्झचाच, पण तो ‘सा’ ते शुद्ध ‘रे’ एवढाही भरत नाही. म्हणून ‘मेल’ नावाच्या मोजपट्टीत खालच्या कंप्रतांना जास्त जागा मिळते. एकही श्रोता नसलेल्या गाण्याला असा अंदाजे पत्ता मिळतो.

हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ‘४३२ हर्ट्झ, विश्वाची कंप्रता, सर्व रोग बरे’ असल्या नावांचे ट्रॅक याच ॲप्सवर ढिगाने आहेत. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं एकक. सेकंद थोडा लांब ठरवला असता तर ४३२ चं ४४० झालं असतं. विश्वाला या आकड्याशी कर्तव्य नाही.

ध्वनीवरून मिळालेला पत्ता ढोबळच असतो. गाण्याच्या ओळीतला अर्थ, गायकाचं गाव, बोलीचा लहेजा त्यात फारसा उतरत नाही. गिटारवर मराठी गाणाऱ्या मुलीचं गाणं इंग्रजी अकूस्टिक गाण्यांच्या शेजारी जाऊन बसू शकतं.

आणि पत्ता मिळाल्यावरही नशिबाचा भाग उरतोच. कोलंबिया विद्यापीठातल्या सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४,३४१ श्रोते. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दाखवले नाहीत. बाकीच्यांना आठ स्वतंत्र ‘जगां’त वाटून त्या त्या जगातले आकडे दाखवले. आकडे दिसताच लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांमधली दरी वाढली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे जगागणिक बदललं. फार चांगली गाणी क्वचितच तळाशी गेली, फार वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. मधल्या गाण्यांसाठी सुरुवातीचा हा टप्पा किती जड आहे, ते यावरून कळेल.

म्हणून नवं काही शोधायचं असेल तर मी बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट गाणी विकत घेता येतात त्या साइटवर जातो. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या चाहत्यांची छोटी चित्रं असतात. एखाद्यावर क्लिक केलं की त्याने आणखी काय काय घेतलं ते दिसतं. तक्त्यातली एक अख्खी ओळ, तीही पैसे मोजून भरलेली. तिथून एखादा अनोळखी अल्बम उघडायचा, त्याच्या चाहत्यांपैकी एकाची ओळ उघडायची, आणि असंच पुढे जात राहायचं.