टी-शर्ट आधी उलटा करा: एक्स्पोर्ट सरप्लस आणि फर्स्ट कॉपी

भाचा मुंबईला परीक्षेला गेला होता. पेपर सुटला, रात्रीच्या गाडीला चार-पाच तास होते, म्हणून सीएसएमटीवरून चालत फॅशन स्ट्रीटला गेला आणि येताना तीन टी-शर्ट आणि एक चेक्सचा शर्ट घेऊन आला. सकाळी घरी सगळे पिशवीभोवती जमले, माझ्या आईने नेहमीप्रमाणे आधी भाव विचारला, "कितलाले शे रे हाई?" आणि तो एकदम खुशीत, "आजी, सगळा एक्स्पोर्ट सरप्लसचा माल आहे, ओरिजिनल!" मी चारही पीस घेतले, एकेक उलटा केला, आणि म्हणलं बाळा, यातले दोन सरप्लस म्हणजे परदेशी ऑर्डरीतून उरलेले आहेत, दोन फर्स्ट कॉपी म्हणजे नक्कल आहेत, आणि तू जास्त पैसे नेमके फर्स्ट कॉपीला दिलेत.

पोराचा चेहरा पडला. पण यात त्याची चूक नाही, एकाच दुकानात एकाच दांडीवर दोन्ही लटकवलेले असतात आणि विकणारा दोन्हीला एकच शब्द वापरतो. मी अंधेरीला एका गारमेंट एक्स्पोर्टच्या कंपनीत सात वर्षं चेकिंगला होतो, दिवसाला शेकडो पीस हाताखालून जायचे, म्हणून मला हे कळतं, नाहीतर मीही फसलोच असतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, आपल्या खान्देशातली कितीतरी पोरं मुंबई-पुण्याला शिकायला नाहीतर कामाला आहेत आणि महिन्याच्या पैशातून पोटाला चिमटा काढून कपडे घेतात.

आधी सरप्लस. समजा बाहेरच्या देशातल्या कंपनीने, तिला तिथे बायर म्हणतात, 10,000 टी-शर्टची ऑर्डर दिली. फॅक्टरी 10,000 कापत नाही, 3 ते 5 टक्के जास्तच कापते, कारण कापडातच काही खराब निघणार, शिलाईत काही, चेकिंगमधे आम्ही काही बाजूला काढणार, आणि शेवटी मोजून 10,000 तर भरलेच पाहिजेत. आता खराबी कमी निघाली तर वरचे दोन-तीनशे पीस उरतात, अगदी चांगले, बोट ठेवायला जागा नाही असे. हा खरा सरप्लस. याशिवाय कधी शिपमेंटला उशीर होतो आणि बायर ऑर्डरच कॅन्सल करतो, 2020 च्या लॉकडाऊनमधे तर परदेशी कंपन्यांनी ऑर्डरीवर ऑर्डरी रद्द केल्या होत्या. आणि तिसरा प्रकार म्हणजे चेकिंगला काढलेला माल, रंग एक शेड इकडेतिकडे झालाय, बाही अर्धा इंच छोटी आलीय, कुठे तेलाचा डाग आहे, सुई लागून बारीक भोक पडलंय. याला आम्ही रिजेक्ट म्हणायचो. बाजारात आला की हे तिन्ही प्रकार "सरप्लस"च होतात, हे लक्षात ठेवा.

हा माल येतो ठरलेल्या ठिकाणांहून. टी-शर्ट, ट्रॅक पँट असं होजिअरीचं काम जास्त करून तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचं, शर्ट-पँट बंगळुरूकडचे, बायकांचे फॅशनचे कपडे दिल्ली-नोएडा-गुरुग्राम पट्ट्यातले, स्वेटर लुधियानाचे. तिथून ठोक व्यापारी किलोवर नाहीतर लॉटने उचलतात आणि तो मुंबईत फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे, दिल्लीत सरोजिनी नगर असा पसरतो. आपल्या जळगावात, धुळ्यात जो "एक्स्पोर्टचा सेल" लागतो त्यातही यातलाच थोडा माल असतो.

आता फर्स्ट कॉपी. "फर्स्ट" या शब्दाने लोकांना वाटतं की ओरिजिनलच्या सगळ्यात जवळचं काहीतरी, कंपनीतूनच निघालेलं. तसं काही नसतं हो. त्या कंपनीशी त्या कपड्याचा काडीचा संबंध नसतो, कोणीतरी ओरिजिनल पीस समोर ठेवून दुसरं कापड, दुसरा दोरा, दुसरा कारागीर वापरून तसा दिसणारा पीस केला आणि वर दुसऱ्याचं नाव शिवलं. फर्स्ट म्हणजे नक्कल जरा बरी, सेकंड म्हणजे त्याहून ढिली, मास्टर कॉपी वगैरे ही सगळी नकलेचीच नावं. आणि हा गुन्हा आहे, 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात असा खोट्या मार्कचा माल विकणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे.

मग हातात घेतल्यावर ओळखायचं कसं?

आपण काय करतो, आधी छातीवरचा लोगो बघतो, मग मानेतलं लेबल बघतो. बरोबर उलटं होतं इथं. फर्स्ट कॉपी करणाऱ्याला माहितीये तुम्ही काय बघणार, तो सगळा पैसा तिथेच घालतो, लोगोची एम्ब्रॉयडरी चकाचक, लेबल नवंकोरं, चमकता टॅग. सरप्लसचं मात्र लेबल बहुतेक वेळा अर्धं कापलेलं असतं किंवा त्यावर मार्करने रेघ मारलेली असते, कारण बायरची अटच असते की उरलेला माल आमच्या नावाने विकायचा नाही. म्हणजे जे लेबल कापलेलं बघून आपण "खराब दिसतोय" म्हणून बाजूला टाकतो तोच पीस चांगला असायची शक्यता जास्त. पण आता विकणारेही हुशार झालेत, फर्स्ट कॉपीचं लेबल मुद्दाम कापून सरप्लस म्हणून लावतात, म्हणून नुसत्या लेबलवर जाऊ नका, पीस उलटा करा.

भाच्याच्याच दोन टी-शर्टचं सांगतो. पहिला काळा, छातीवर मोठा लोगो, साडेचारशेला घेतलेला. उलटा केला तर बगलेत दोऱ्यांची शेपटं लोंबत होती, कापडाच्या कडा बांधणारी ओव्हरलॉकची शिवण कुठे जाड कुठे बारीक, मानेच्या मागे शिवणीवर पट्टीच नाही, आणि आत कडेला जे धुण्याच्या खुणांचं छोटं लेबल असतं त्यावर कॉटनचं स्पेलिंग चुकलेलं. दुसरा फिका शेवाळी, लोगो नाही काही नाही, मानेतलं लेबल अर्धं कापलेलं, सव्वादोनशेचा. त्याच्या मानेच्या मागे पूर्ण शिवण झाकणारी पट्टी, खांद्याच्या शिवणीत आतून बारीक टेप घातलेली म्हणजे खांदा लोंबणार नाही, एकही दोरा बाहेर नाही, आणि आतलं लेबल पाच-सहा भाषांत, त्यावर कापूस किती टक्के, कुठे बनला आणि आरएन म्हणून एक नंबर. हा नंबर अमेरिकेत माल विकणाऱ्या कंपन्यांना तिथलं सरकारी खातं देतं. कॉपी करणारा तोही छापू शकतो, पण इतक्या आतल्या बारीक गोष्टीवर खर्च करायला सहसा कोणी बसत नाही.

शर्ट असेल तर चेक्स जुळतात का बघा. खिशावरची चौकट मागच्या कापडाच्या चौकटीशी जुळलीय का, पुढची दोन पल्ली बटण लावल्यावर एका रेषेत येतात का. हे जुळवायला कापड जास्त लागतं आणि कटिंगवाल्याला वेळ जास्त लागतो, घाईच्या मालात ते सहसा करत नाहीत. काज बघा, काजाच्या आतून कापडाचे तंतू बाहेर आलेले असतील तर चार धुण्यांत ते फाटणार.

खरा फरक दिसतो तो धुतल्यावर. तो काळा टी-शर्ट तिसऱ्या धुण्याला बाजूची शिवण फिरून पोटावर आली. खूप जणांना वाटतं हे मशीनमुळे होतं, पण कारण कापडात असतं. विणलेल्या कापडाच्या सुतात पीळ असतो, थान उघडल्यावर ते कापड निदान एक दिवस मोकळं टाकावं लागतं, त्याआधी कॉम्पॅक्टिंग करावं लागतं, म्हणजे ते आकसायचं तेवढं आधीच आकसतं आणि मग कटिंग. कॉपीवाल्याकडे एवढी फुरसत नसते, सकाळी थान आलं की दुपारी कापलं, मग तो सगळा पीळ तुमच्या अंगावर सुटतो.

यावरून वडिलांची आठवण येते. आमची कापसाची शेती, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गाडी घेऊन गेलं की व्यापारी मुठीत रुई घ्यायचा आणि दोन अंगठ्यांच्या चिमटीत ओढून तंतूची लांबी बघायचा, आणि वडील त्याच्याही आधी घरीच ओढून बघून आलेले असायचे. 28-30 मिलिमीटरचा तंतू असला की त्यांचा आवाजच बदलायचा, मग भावाला ते हटत नसत. तंतू लांब असला की सूत गुळगुळीत आणि पक्कं होतं, आखूड असला की त्याची टोकं बाहेर येतात आणि महिनाभरात कापडावर बारीक गोळे धरतात. मी मुंबईहून पहिल्यांदा एक्स्पोर्टचा टी-शर्ट घरी आणला तेव्हा वडिलांनी त्यावर काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही, त्यांनी तो उलटा केला, खालच्या शिवणीतून कापडाचा एक धागा काढला, ओढला, आणि म्हणाले, "कापूस चांगलाय." मला मनापासून वाईट वाटतं की ज्या खान्देशातली माणसं डोळे मिटून कापूस ओळखतात तिथली आमची पोरं कपडा लोगो बघून घेतात.

तो धागा जाळूनही बघता येतो. घरी आल्यावर आतल्या शिवणीच्या कडेचा कापडाचाच एक धागा, शिलाईचा दोरा नव्हे, काडीने पेटवा, कापूस असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चोळली की भुगा होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला काळा कडक मणी होतो. मुंबईत एसी ऑफिसात बसणाऱ्याला चालत असेल पॉलिस्टर, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा छातीवर रबरी प्रिंटचा हातभर मोठा लोगो असलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून बसस्टँडवर उभं राहून बघा, प्रिंटच्या खाली सगळं घामाने चिकटलेलं असतं.

सरप्लस घेताना पण डोळे उघडे ठेवा, वर सांगितलं तसं त्यात रिजेक्टही असतो. पीस उजेडाकडे धरा, भोक लगेच दिसतं. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून लांबी बघा. पुढची आणि मागची बाजू शेजारी धरून शेड बघा, दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली नको, बाहेर येऊन. आणि साईज आपल्या हिशोबाची नसते, बाहेरचा मीडियम आपल्याला लार्जसारखा बसतो, बाह्या लांब येतात. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्याकडे चौकाचौकात टेलर आहे, थोड्या पैशांत बाही आणि घेर अंगाबरोबर करून देतो, आणि खरं सांगायचं तर अंगावर नीट बसलेला साधा शर्ट जेवढा उठून दिसतो तेवढा कोणताही लोगो दिसत नाही.

मला सरप्लस आवडायचं अजून एक कारण आहे. त्यात एका डिझाईनचे चार-दोनच पीस असतात, रंगही विचित्र, जे आपल्या दुकानात कोणी ठेवणारच नाही, शेवाळी, विटकरी, राखाडी निळा. ढिगातून शोधावं लागतं, अंगाला लावून बघावं लागतं, हा मला जातोय का नाही जात, असं करता करता माणसाला स्वतःची आवड कळायला लागते. मुंबईत लोकलमधे बघा, एखादी मुलगी साधी कुर्ती, त्यावर कोणतातरी मोठा जुना शर्ट मोकळा सोडून, पायात कोल्हापुरी, आणि ती शंभर जणींत वेगळी दिसते. फर्स्ट कॉपीचं याच्या उलट, एक लोगो चालला की कॉलेजच्या गेटवर तीस पोरं एकच टी-शर्ट घालून उभी.

शूजबद्दल एकच सांगतो, कोणी रस्त्यावर मोठ्या ब्रँडचे स्पोर्ट्स शूज "सरप्लस आहे" म्हणून देत असेल तर सरळ पुढे चला. ते शूज बहुतेक व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीनमधे बनतात, त्यांचा उरलेला माल आपल्या फुटपाथवर यायचा रस्ताच अवघड आहे. कॉपीचे शूज हलक्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि पहिल्या पावसाळ्यात तळवा सुटतो, शिवाय टाचा दुखतात ते वेगळंच.

भाच्याने त्या काळ्या टी-शर्टचं घरी झोपायला घालायचं केलंय. शेवाळीच्या बाह्या मी सुभाष चौकातल्या ओळखीच्या टेलरकडून दीड इंच कमी करून आणल्या, आणि परवा तो घालून कॉलेजला गेला तर दोन मित्रांनी विचारलं, कुठून घेतला. संध्याकाळी तो माझ्या आईसमोर त्याचा चेक्सचा शर्ट उलटा करून बसला होता, खिशाच्या चौकटी बोटाने मोजत.